पाठ न दाखवता

गेघाम म्हणाला, चाळीस मिनिटं.
आधी चार बोटं, मग मूठ, शून्याची.
इंजिन बंद केलं, सीट मागे पाडली
आणि जर्दाळूच्या बिया फोडत बसला.

मठ दरीच्या काठावर. म्हणजे अगदी काठावर,
आणखी दोन दगड रचायचे असते
तर हवेतच रचावे लागले असते.
खाली नदी आहे. ऐकू येते, दिसत नाही.

आम्ही अकरा जण, मोबाइल बारा.
दारातल्या पाटीवर इंग्रजी, रशियन
आणि त्यांची ती आर्मेनियन अक्षरं,
लोहाराने नाल वाकवावी तशी एकेक वाकवलेली.
तिन्हींत मजकूर एकच:
भिंतीवर काही कोरू नये.
आणि पाटीमागची भिंत
वीतभर जागा न सोडता कोरलेली!
करंगळीएवढे क्रूस, शेकडो,
वाकडे, घाईतले, एकमेकांच्या अंगावर चढलेले.
कधीकाळी कुणी डोंगर चढून आलं,
पोचलो, एवढंच सांगायला खिळा घासला
आणि उतरून गेलं.
ते यात्रेकरू.
गेल्या उन्हाळ्यात एका पोराने नाव कोरलं,
त्याला दंड.
मधली रेघ कुठल्या साली ओढली
ते मी विचारलं नाही.

आत अंधार. डोळे सरावायला वेळ लागतो,
आणि वेळ तर मोजून आणलेला.
घुमटाच्या झरोक्यातून उजेड येतो
पिठाच्या गिरणीत येतो तसा, तिरपा आणि जाड.
जमिनीत थडगी. मी पाय चुकवत
लंगडी घातल्यासारखी चालत होते.
कोपऱ्यातून कुणीतरी हसलं.

वार्सेनिक. मेणबत्त्या विकते,
आणि लोकरीचे मोजे, बसल्या जागी विणलेले.
शेजारी नात, लुसिक. तिचं इंग्रजी शाळेतलं.
आजीचं लांबलचक वाक्य
हिच्या तोंडून तीन शब्दांत बाहेर पडतं.
"तुडवा. त्यांनीच सांगितलंय."
मग मी तुडवलं. चपलेखालचं नाव
झिजून नुसता खळगा राहिलेला.

भिंतीवर, छतावर काजळी.
धुपाची का, मी विचारलं.
आजी खूप वेळ बोलली. हात उंचावून छत दाखवलं,
मग हात गुडघ्याएवढा खाली आणला,
एकदा हसली, एकदा नाही.
लुसिक म्हणाली, "मेंढ्या. हिवाळा. शेकोटी."
थांबली, शब्द शोधला.
"पणजोबा राखण."

बाकीचं मीच जुळवलं, चूकही असेल:
साधूंना हाकललं त्या वर्षांत
देव कागदोपत्री नव्हता,
पण सामुदायिक शेतीच्या तीनशे मेंढ्या होत्या
आणि त्या भिजून चालणार नव्हत्या.
म्हणून दर पावसाआधी कुणी वर चढायचं,
निसटलेला दगड पुन्हा बसवायचं.
घुमट उभा राहिला तो मेंढ्यांच्या हिशेबात.
माहितीपत्रकात याची ओळ नाही.
त्यात राजे आहेत, आणि एक भूकंप.

बाहेर हॉर्न. एकदा, मग दोनदा.
मी एक मेणबत्ती घेतली, वाळूत खोचली,
कुणासाठी ते ठरवायच्या आतच,
आणि वळून निघाले.

कोपराला हात लागला. म्हातारी उठून आली होती.
तिने मला खांद्याला धरून फिरवलं,
कपाट सरकवतात तसं, पुन्हा वेदीकडे तोंड करून,
आणि स्वतः मागे मागे चालून दाखवलं.
"पाठ नाही," लुसिक म्हणाली.

उलटं चालताना जागा निराळी दिसते.
आत येताना मी फोटो घेत आले होते;
आता हात मागे, भिंत चाचपत,
आणि समोरचं एकेक आपोआप लांब होत गेलं:
वेदी, वाळूतली माझी ज्योत
(ती आता कुठली ते कळेना),
मोजे, नातीची वेणी,
वार्सेनिकची मान, विणकामाकडे परत वळलेली.

उंबरठ्याला टाच अडकली. पडले नाही.
पाठीला आधी ऊन लागलं, मग आवाज,
मग अकरांतले दहा जण, घड्याळाकडे बघणारे.

गेघामने काही म्हटलं नाही.
बियांतले गर माझ्या तळहातावर ठेवले, पाच-सहा.
माझी बोटं काळी झालेली.
खाताना त्यातला एक कडू निघाला,
आणि कोणता, ते सांगता येईना
कारण सगळे एकदम तोंडात टाकले होते.